ड्वार्फ सिक्लिडच्या जोडीतली मारामारी: टाकी मांडण्यापासून पिल्लं वेगळी करेपर्यंत

जोडी म्हणून आणलेले दोन मासे, आणि आठवड्याभरात मादी हीटरमागे वरच्या कोपऱ्यात दडून बसलेली, किंवा नराची शेपटी कुरतडलेली. ड्वार्फ सिक्लिड, म्हणजे सिक्लिड कुळातले बुटके मासे, पाळणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दुकानदार म्हणतो, मासा तापट निघाला, बदलून घ्या. बदलून आणलेला मासाही बहुतेक वेळा तेच करतो, कारण त्याला तीच टाकी आणि तीच मांडणी मिळते.

या माशांत कोण कोणाला मारतंय हे स्वभावापेक्षा दोन गोष्टींवर ठरतं: तळाची जागा किती आहे आणि जोडी विणीच्या कुठल्या टप्प्यावर आहे. मादी तयार नसताना नर तिला हाकलतो. अंडी घातल्यावर तीच मादी नराला हाकलते. दोन्हींचे उपाय उलटे आहेत, म्हणून हात घालण्याआधी टप्पा ओळखावा लागतो.

आधी जात बघा

इथे मुख्य उदाहरण कॉकाटू अपिस्टोचं घेतलं आहे, म्हणजे अपिस्टोग्रामा ककाटुओइडीस. पेरूकडच्या वरच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातला हा मासा आता सगळीकडे टाक्यांत पैदास केलेला मिळतो. नर साधारण ८ सेंमी, मादी ५ सेंमी. हा जोडीचा मासा नाहीच. एक नर मोठी हद्द राखतो आणि त्या हद्दीत दोन-तीन माद्या आपापली छोटी हद्द धरतात. दुकानात 'पेअर' म्हणून विकल्यामुळे सुरुवातच चुकते: नराचं सगळं लक्ष एकाच मादीवर येतं आणि तिला उसंत मिळत नाही.

रॅमचं तसं नाही. ओरिनोकोच्या खोऱ्यातला, व्हेनेझुएला-कोलंबियाच्या गवताळ प्रदेशातला हा मासा खरी जोडी बांधतो. सपाट दगडावर उघड्यावर अंडी घालतो आणि नर-मादी दोघं मिळून राखण करतात. पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिसही जोडीनेच राहतो, पण गुहेत अंडी घालतो आणि पिल्लं बाहेर पडली की तिघांत सर्वांत आक्रमक तोच. रॅमला लागू पडणारा सल्ला कॉकाटूला दिला की मादी जाते. हे फार वेळा होतं.

टाकी: लिटर मोजू नका, तळ मोजा

हे मासे तळाला राहतात, तळासाठी भांडतात. २ × १ फुटाच्या टाकीचा तळ १८०० चौरस सेंमी भरतो. उंची एक फुटाऐवजी दीड फूट केली तर पाणी वाढेल, हद्द तेवढीच राहील. ३ × दीड फुटाच्या टाकीचा तळ मात्र सुमारे ४०५० चौरस सेंमी होतो, सव्वादोन पट. अंडी राखणारी कॉकाटू मादी गुहेभोवती साधारण २५-३० सेंमीचा परिसर आपला मानते. दोन फुटी टाकीत याचा अर्थ अर्धा तळ एकट्या मादीचा.

कॉकाटूची एक जोडी २ × १ फुटाच्या टाकीत चालते, पण अंड्यांनंतर नर हलवायची तयारी ठेवूनच. एक नर आणि दोन-तीन माद्या ठेवायच्या असतील तर ३ × दीड फुटाच्या खाली जाऊ नका. दोन फुटी टाकीत एक नर-दोन माद्या ठेवल्या की त्यांच्यातली जोरकस मादी दुसरीला संपवते. नरावरचा भार हलका करायला आणलेली दुसरी मादीच बळी पडते. रॅमच्या एका जोडीला २ × १ फूट पुरेल. क्रिबच्या (क्रिबेन्सिसच्या) जोडीला ३ फूट द्या. दोन फुटात ती विते खरी, पण टाकीत तळाला राहणारा दुसरा कोणीही मासा उरत नाही.

तळाला २-३ सेंमी बारीक वाळू टाका. नदीची गाळून, धुतलेली वाळू उत्तम. जाड खड्यांत कॉकाटूला गुहेचं तोंड हवं तसं बुजवता किंवा मोकळं करता येत नाही, आणि तेच तर मादीचं संरक्षण असतं. फिल्टर स्पंजचा असावा. जोराच्या पॉवर फिल्टरच्या प्रवाहात एक अख्खा कोपरा राहण्याजोगा उरत नाही, म्हणजे तेवढी हद्द वाया गेली.

गुहा आणि आडोसे

हे दोन वेगळे आहेत. गुहा अंड्यांसाठी, आडोसा पळून लपण्यासाठी. बऱ्याच टाक्यांत गुहा असतात, आडोसे नसतात, आणि मार खाणारा मासा उघड्यावर सापडतो.

दर मादीमागे किमान दोन गुहा ठेवा. नारळाची अर्धी करवंटी सर्वांत स्वस्त. काथ्या घासून काढा, करवंटी दोन-तीनदा उकळा, पाणी तपकिरी व्हायचं कमी झालं की वापरा. काठाशी कानशीने अडीच सेंमी रुंद, दोन सेंमी उंच दरवाजा पाडा आणि कडा गुळगुळीत करा. या मापातून मादी सहज जाते. मोठ्या नराला आत शिरायला कष्ट पडतात, म्हणजे मादीला हक्काची जागा मिळते. दरवाजा याहून मोठा केला तर नर आत जाऊन तिला बाहेर काढतो. अगदी चिंचोळा केला तर तो डोकं घालून अडकू शकतो. मातीची छोटी कुंडी आडवी अर्धी वाळूत पुरली तरी चालते, फक्त तळाचं भोक बुजवा. मादी गुहेच्या छताला अंडी चिकटवते, म्हणून छत आतून खरखरीत असावं. चकचकीत प्लास्टिकच्या खेळण्यांपेक्षा करवंटी याच कारणाने बरी.

गुहा ठेवताना तोंडं एकमेकांकडे करू नका. मग काचेसमोर बसून डोळे तळाच्या पातळीला आणा आणि एका गुहेच्या दारातून दुसरीचं दार दिसतं का ते बघा. दिसत असेल तर मध्ये लाकूड, दगड किंवा झाड आणा. ही तपासणी उभ्याने करून उपयोग नाही, वरून सगळं दाट दिसतं. लाकडाला बांधलेला अन्युबिया किंवा जावा फर्न, त्यामागे व्हॅलिसनेरियाची रांग, असा १५ सेंमी उंचीचा पडदा दोन हद्दींच्या मध्ये पुरतो.

पळणारा मासा वर जातो, म्हणून वरही सोय हवी. पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा साल्व्हिनिया किंवा तशाच तरंगत्या वनस्पतींनी झाका आणि एका कोपऱ्यात जावा मॉसचा मुठीएवढा गुंता लटकवा. तळाला देशी बदामाची चार-पाच वाळलेली पानं पसरा. आपल्याकडच्या रस्त्यांवर ही झाडं हवी तेवढी आहेत. फवारणी न झालेल्या झाडाची, आपोआप गळून तपकिरी झालेली पानं घ्या. पान पाण्याला किंचित आम्ल बनवतं, पण त्याचा मोठा फायदा म्हणजे त्याखाली दडता येतं.

वरच्या थरात काही मासे हवेतच

एकटी जोडी ठेवली तर मारामारी कमी होईल असं वाटतं. होतं उलटं. हाकलायला बाहेरचं कोणी नसलं की नर मादीलाच हाकलतो. दोन फुटी टाकीत वरच्या थरात राहणारे ६-८ पेन्सिल फिश ठेवा. पाणी जड (क्षारयुक्त) असेल तर गप्पीसारखे छोटे एंडलर. ते निवांत फिरताना दिसले की तळाचे मासेही बाहेर पडतात, आणि जोडीची चिडचिड त्यांच्यावर विभागली जाते. ते वर पळून सुटतात, त्यामुळे इजा होत नाही. टायगर बार्ब आणि एंजल नकोत, पहिला शेपट्या कुरतडतो आणि दुसरा पिल्लं खातो.

विणीच्या टाकीत कोरिडोरा, म्हणजे तळाला राहणारा छोटा कॅटफिश, ठेवू नका. तो अंधारात चाचपत तळ धुंडाळतो, मादीच्या धमकीला दाद देत नाही, अंडी खातो आणि बदल्यात तिच्याकडून डोळे टोचून घेतो. दोघांचंही नुकसान.

खरंच नर-मादी आहेत का?

न थांबणाऱ्या भांडणाचं एक साधं कारण म्हणजे दोन्ही मासे नर असणं. कॉकाटू नराच्या पाठीच्या पराचे पुढचे काटे लांब, सुटे, तुऱ्यासारखे असतात आणि शेपटीला वर-खाली दोन टोकं येतात. मादीची शेपटी गोलाकार, पोटाखालच्या परांची पुढची कड काळी. पण अपिस्टोंमध्ये दबलेला नर मादीसारखा रंग धरून लहानच राहतो. मोठा नर दूर झाला की काही आठवड्यांत त्याचे पर वाढू लागतात. म्हणून सर्वांत लहान, फिकट 'मादी' उचलू नका. पिवळी झालेली, पोट भरलेली मादी निवडा.

रॅमच्या मादीचं पोट गुलाबी असतं आणि अंगावरच्या काळ्या डागात निळ्या टिकल्या चमकतात. इलेक्ट्रिक ब्लू आणि गोल्ड रॅममध्ये हा डागच नीट दिसत नाही, तिथे जननेंद्रियाची नळी बघावी लागते: मादीची बोथट, नराची बारीक टोकदार. क्रिबची मादी आखूड, गोल, पोट जांभळट लाल. नर लांब, शेपटीचं मधलं टोक पुढे आलेलं.

रॅम आणि क्रिबसाठी तयार जोडी विकत घेण्यापेक्षा पाच-सहा पिल्लं आणून वाढवा. दोघं मिळून एक कोपरा राखायला लागले की बाकीचे काढून टाका. अशी आपण निवडलेली जोडी दुकानात जुळवलेल्या जोडीपेक्षा फार कमी भांडते.

टाकीत सोडण्याचा क्रम

टाकी सायकल झालेली हवी, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट शून्य. कॉकाटूला २५-२६ अंश, रॅमला २७-२९ अंश तापमान ठेवा.

पहिल्या दिवशी वरच्या थरातले मासे आणि मादी सोडा. तिला चार-पाच दिवस द्या. या काळात ती गुहा पसंत करते आणि पळवाटा शिकते. नर आधी राहायला आला तर अख्खी टाकी त्याची होते आणि मादी घुसखोर ठरते.

पाचव्या-सहाव्या दिवशी संध्याकाळी, दिवा बंद करण्याच्या थोडं आधी नर सोडा. त्याआधी मधल्या लाकडाची जागा किंचित बदला. शक्य असेल तर आधी दोन दिवस त्याला त्याच टाकीत छिद्रांच्या पडद्याआड ठेवा, म्हणजे दोघांना एकमेकांचं वागणं दिसतं. पडद्याला ४-५ मिमी भोकांची प्लास्टिक जाळी वापरा. ट्यूबलाइटच्या चौकटीची जी चौकोनी जाळी मिळते तिची भोकं सव्वा सेंमीच्या आसपास असतात, त्यातून लहान मादी आरपार जाते. पक्क्या पडद्यासाठी ती निरुपयोगी, पण मादीला हवं तेव्हा पलीकडे पळता यावं आणि नराला येऊ नये असं हवं असेल तेव्हा हीच जाळी कामाची.

मादी पिवळी होऊन नरासमोर अंग वाकवत असेल तर ती तयार आहे. राखाडी रंग, अंगावर आडवा गडद पट्टा, मिटलेले पर ही नकाराची खूण. पहिला तासभर समोर बसा. नकाराच्या खुणा असूनही नर पाठलाग थांबवत नसेल तर पडदा परत घाला. मादीला आठवडाभर डासांच्या अळ्या किंवा गोठवलेले ब्लडवर्म द्या आणि मग पुन्हा प्रयत्न करा.

अंड्यांपासून पिल्लांपर्यंत

कॉकाटूमध्ये अंडी पडल्याची पहिली खूण मादीच देते. लिंबासारखी पिवळी, काळे डाग ठसठशीत, गुहेच्या दारात ठाण मांडून. इथून हुकूम तिचा. तिच्याहून बराच मोठा नर कोपऱ्यात दबून बसतो. २६ अंशाला अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, पुढे पाचेक दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात. तीन फुटी टाकीत नर दूर राहून बाहेरची हद्द राखेल, त्याला राहू द्या. दोन फुटीत अंडी दिसल्यावर एका दिवसाच्या आत त्याला दुसऱ्या टाकीत हलवा. गुहेपासून दूर असताना त्याला हळूच काढा. तिच्या दाराशी जाळी फिरवली तर घाबरून ती अंडी खाते.

रॅममध्ये हे करायचं नाही. तिथे दोघांची पाळी असते: एक पंख्यासारखे पर हलवून पाणी देतो, दुसरा राखतो. एकाला काढलं की उरलेला अंडी सोडून देण्याची शक्यता जास्त आणि जोडी मोडते ती वेगळीच. २८ अंशाला अंडी साधारण अडीच दिवसांत फुटतात. नवख्या जोड्या पहिल्या दोन-तीन विणी खातात, तेवढ्यावरून त्यांना वेगळं करू नका. अंड्यांवरून दोघं एकमेकांना चावायला लागले तरच काढा, आणि काढायचा तो जो दगडाजवळ थांबत नाही. पहिल्या काही रात्री खोलीत मंद उजेड ठेवा. दिवा एकदम विझला की पिल्लं विखुरतात, आई-बाप गोंधळतात आणि त्याचा राग एकमेकांवर निघतो.

सर्वांत मोठा भडका पिल्लं पोहू लागल्यावर उडतो, अंडी असताना नव्हे. आता राखायची जागा एक गुहा राहिली नाही, पिल्लांचा थवा जिथे जाईल तिथे हद्द सरकते. क्रिबची जोडी या काळात अख्खी दोन फुटी टाकी मोकळी करते. एकाच टाकीत कॉकाटूच्या दोन माद्या एकदम पिल्लांसह असल्या तर त्या एकमेकींची पिल्लं पळवून आपल्या थव्यात घेतात. वयात आठवड्याचा फरक असेल तर मोठी पिल्लं लहानांना खातात. पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा नुकतंच फुटलेलं आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची पिल्लं) द्या, म्हणजे थवा एका ठिकाणी राहतो आणि आईची धावपळ कमी होते.

तीन-चार आठवड्यांनी चित्र पुन्हा उलटतं. नराला पुढची वीण हवी असते, मादी अजून पिल्लांत अडकलेली असते. क्रिबमध्ये या वेळी पिल्लांच्या ताब्यावरून दोघांत जुंपते. पाठलाग सुरू झाला की पिल्लं वेगळी करा. पातळ हवेच्या नळीने सायफन करून ती अलगद निघतात.

पिल्लांच्या टाकीचं तापमान पहिला महिनाभर २५-२६ अंश राखा. रोमर आणि बायझेनहेर्ट्झ या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिलं की अपिस्टोंमध्ये नर-मादीचं प्रमाण तापमानावर, काही जातींत पीएचवरही अवलंबून असतं: उष्ण पाण्यात नर जास्त. मे महिन्यात ३०-३१ अंशांत वाढवलेली वीण बहुतांश नरांचीच निघू शकते, आणि चार महिन्यांनी तीच टाकी रणांगण होते. पृष्ठभागावर पंखा लावला की बाष्पीभवनाने विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन अंश उतरतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फरक कमी पडतो, तिथे टाकी खोलीच्या थंड बाजूला हलवणंच बरं. गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि माशांची तडफ जास्त, त्यामुळे मोठ्यांची भांडणंही उन्हाळ्यात वाढतात.

दिखावा कोणता, हल्ला कोणता

पर ताठ करून शेजारी-शेजारी उभं राहणं, शेपटीने पाण्याचा फटका देणं, गलफडं फुगवणं, मिनिटभर तोंडाला तोंड लावून ओढाताण, हे सगळं चालतं. दोघं मोजमाप घेत असतात. एकाने पर मिटून माघार घेतली आणि दुसरा थांबला, तर व्यवस्था ठीक आहे.

हरलेला मासा आडोशाला गेल्यावरही शोधून मारला जात असेल तर मात्र वेळ घालवू नका. दुसरी खात्रीची कसोटी जेवण. अन्न टाकल्यावर दबलेला मासा घाबरत का होईना, पण येतो. लागोपाठ दोन वेळा आला नाही तर त्याला काढा. पाठीच्या मागच्या भागावरचे खवले गेलेले, रंग उडालेला, कल्ल्यांची हालचाल जलद, पृष्ठभागाशी तिरका लटकलेला मासा बहुधा रात्र काढत नाही.

काढलेल्या माशासाठी २० लिटरची टाकी पुरते, पण तिचा स्पंज मुख्य टाकीत मुरलेला हवा. पाच दिवस रोज चौथा हिस्सा पाणी बदला, तापमान तेच ठेवा, बदामाचं एक पान टाका. फाटलेली शेपटी स्वच्छ पाण्यात आपोआप वाढते. कापसासारखी बुरशी दिसली तरच औषधाकडे वळा.

पुन्हा एकत्र आणताना

घाई केली की पहिल्यापासून सगळं पुन्हा घडतं. मार खाल्लेला मासा पूर्ण रंगात येऊन दोन आठवडे नीट खात असला पाहिजे. मग मुख्य टाकीतून मारणाऱ्याला बाहेर काढा, लाकूड-दगड-गुहा सगळ्यांच्या जागा बदला, आधी दबलेल्याला सोडा आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्याला.

वीण नको असेल, फक्त शांतता हवी असेल, तर गुहा काढून घ्या. आडोसे तसेच ठेवा. कॉकाटूच्या टाकीचं तापमान २३-२४ अंशांवर आणा, जिवंत अन्न थांबवून एक वेळ कोरडं अन्न द्या. किंचित थंड पाण्याने मोठा बदल टाळा, तो पावसाचा इशारा ठरतो आणि मासे विणीला लागतात. दर आठवड्याला १५-२० टक्के, त्याच तापमानाचं पाणी बदला.

अंडी वारंवार पांढरी पडत असतील तर पाणी तपासा. मुंबई-पुण्याचं धरणांचं पाणी मऊ असतं, सहसा अडचण येत नाही. बोअरच्या जड पाण्यात कॉकाटू जगतो, क्रिब वितोही, पण रॅमची अंडी बुरसतात. टीडीएस ३००च्या वर असेल तर निम्मं आरओचं पाणी मिसळा. याचा मारामारीशी थेट संबंध आहे: वीण फुकट गेली की नर काही दिवसांत पुन्हा मागे लागतो, मादीची अंडी मात्र तयार झालेली नसतात.

एका टाकीत दोन जोड्या

रॅमच्या दोन जोड्या ३ × दीड फुटात राहतात. दोन्ही टोकांना एकेक सपाट दगड आणि मध्ये झाडांची दाट भिंत हवी. कॉकाटूचे दोन नर ४ फुटांखाली नकोत, आणि तिथेही दोघं एकाच दिवशी सोडावेत. क्रिबच्या दोन जोड्यांच्या फंदात पडू नका. चार फुटांतही पिल्लं आली की एक जोडी काढावीच लागते. कॉकाटू आणि क्रिब एकत्र ठेवणं तर नकोच: दोघांनाही त्याच गुहा हव्या असतात, आणि तिथे क्रिब जिंकतो.

नीट मांडलेल्या टाकीत, दोनदा जुळवूनही, तयार मादीला मारणारा नर क्वचित भेटतो. त्याला तिसरी मादी देऊ नका. तो एकटा, पेन्सिल फिशच्या थव्यासोबत, उत्तम राहतो.